शारदाच्या मामांची गाडी

१ फेब्रुवारी २०१६, सोमवार. नायगाव
एस.टी. आजपासून फाट्यावरच सोडते. पुढे शाळेपर्यंतचा रस्ता पाइपलाइनसाठी उकरलाय. पाइप येऊन पडलेत, त्यात पाणी कुठून येणार ते कुणालाच माहीत नाही. फाट्यापासून चालत गेलो, चालत आलो. पायाचे तुकडे पडलेत. शारदा म्हणाली, "आता तरी गाडी शिका." बेचाळिसाव्या वर्षी. सायकलच्या पुढे माझी मजल गेलेली नाही.

४ फेब्रु.
शा.ने उदगीरला मामांना फोन लावला. तिचं पान मामांशिवाय हलत नाही. हलणार कसं, आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी दुकान सांभाळून वाढवलं, शिवण शिकवलं, लग्नही त्यांनीच लावून दिलं. माहेर म्हणून जायला तिला तेवढं एकच दार.
मामांचा मुलगा बसू पुण्याला नोकरीला गेला, त्याची मोटारसायकल घरी पडून आहे. उंच, वजनाला हलकी, खड्ड्याखुड्ड्यांसाठीच केलेली. "गुरुजींना पाठवून दे," म्हणाले.
रात्री मोबाइलवर वाचलं, जुनी गाडी घेताना काय काय बघावं. फ्रेम नीट बघा, असं तीन ठिकाणी लिहिलंय.

७ फेब्रु., रविवार. उदगीर
"बर्री, बर्री." मामा दारातच, कानडीत या-या म्हणत. कपाळावर विभूती, अंगात पांढरी बंडी. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले यावर मामा-मामींचं एकमत होईना. मामींनी अर्धा पेला पाणी दिलं आणि लाजल्या. मग मीही लाजलो.
गाडी परसात. नुसता मातीचा गोळा. मडगार्ड चोचीसारखं वर, बाकी खाली सगळीकडे चिखल वाळून खपली धरलेला. मामा म्हणाले, "धुतली न्हाई, माफ करा गुरुजी. सर्व्हिसिंगवाले समदे बंद हायत. पाणीच न्हाई." मान्य. गावभर गाड्या अशाच आहेत. फ्रेम बघायची म्हणजे दोन बादल्या पाणी मागायचं. ज्या घरात पाहुण्याला अर्धा पेला मिळतो तिथं जावयानं गाडी धुवायला पाणी कोणत्या तोंडानं मागायचं? आणि बोटानं खरवडत बसलो असतो तर मामांवर विश्वास नाही असं झालं असतं. लाथ मारली, चालू झाली. आवाज चांगला. "घरचीच गाडी हाय," मामा.
ठरली. किंमत ते सांगेनात, मीच सांगितली. नावावर कधी? तर म्हणे, "उदगीर जिल्हा होऊन राहिला की आता. नवा नंबर पडंल, तवाच करू." मी उदगीर जिल्हा व्हायचं ऐकतोय ते डी.एड.ला होतो तेव्हापासून.
मामींनी गाडीच्या दिव्याला विभूतीची तीन बोटं ओढली. कडब्याच्या पिकअपमध्ये गाडी टाकून आणली. मी पुढे बसून.

१० फेब्रु.
तलावात शिकतोय. म्हणजे तलाव होता तिथं. भेगाळलेली जमीन, मधे कुणाचा तरी बैल मरून पडलेला, त्याला वळसा घालायचा. पाय पुरत नाहीत, नुसती बोटं टेकतात. क्लच सोडला की बंद. आठ वेळा की नऊ. शा. काठावर छत्री घेऊन उभी. इतकी हसली. बऱ्याच महिन्यांत हसली नव्हती.

१९ फेब्रु.
आज गाडीवर शाळेत. पाइपच्या बाजूनं, दगडांतून. पडलो नाही. हेडमास्तर म्हणाले, "क्या बात है." दिवसभर छाती फुगलेली. मागून थोडं कुरकुरतं. जुनी आहे, कुरकुरणारच.

९ मार्च. नांदेड, दवाखाना
लिहायला नको वाटतंय.
रविवारी संध्याकाळी महादेवाला निघालो, दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, गर्दी नको म्हणून आदल्या दिवशी. शा. मागे. पाइपलाइनची चारी ओलांडताना, अगदी हळू, मागचं अंग एकदम बसल्यासारखं झालं आणि हँडल हातातून गेलं. मला खरचटलं. तिचा उजवा पाय गाडीखाली. मांडीचं हाड.
काल ऑपरेशन. रॉड टाकला. डॉक्टर म्हणतात चालतील. शिवणयंत्र कधी चालवतील विचारलं तर म्हणाले, बघू.

१० मार्च
मामा आले. तिच्या उशाशी बसून रडले. बाहेर आल्यावर मला, "शिकाऊ माणसानं डबल शिट कशाला जावं, गुरुजी?" मान खाली घातली. खरंच आहे.

२० मार्च. नायगाव
गाडी वेल्डिंगवाल्याकडे ढकलत नेली, हँडल सरळ करायला. त्याच्याकडेही पाणी नाही, त्यानं पत्र्यानं चिखल खरवडला. मागचं चाक धरून ठेवणारी दांडी जिथं फ्रेमला लागते तिथं तडा. नुसता तडा असता तर पडल्यानं झाला म्हटलं असतं. पण आत मसाला भरलेला, वरून काळा रंग मारलेला, त्यावर जुना चिखल. "ही पैलेच फुटेली होती सर. कुणीतरी बुजवली."
तिथल्या डब्यावर बसून राहिलो. तो चहा घ्या म्हणाला, घेतला.

२१ मार्च
बसूला पुण्याला फोन. आधी गाडीची चौकशी, मग अक्काची. मी सरळ विचारलं, तडा आधीचाच का.
"भावजी, मी अप्पांना बोललो होतो. जोडून घ्या, मगच द्या म्हणून."
"मग?"
"त्यांना वाटलं असंल, बुजवलंय तर चालंल. अक्काला नका सांगू, भावजी. तिला कोण हाय दुसरं."
मला कोण आहे, हे विचारायचं राहिलं.

२७ मार्च
शेजारची भेटायला आली होती. शा. तिला म्हणाली, "बसूनं इतकी वर्षं चालवली, काही झालं नाही. यांच्या हातात आली अन् महिन्यात पाय गेला." मी आत भात लावत होतो. खूप राग आला. तिचा नाही. तिचाही आला. पातेलं आपटलं तर तिला वाटलं, बोललेलं लागलं.
जोडलेली गाडी घेऊन आलो. ती बघतसुद्धा नाही तिकडे.

२ एप्रिल
पायाचा व्यायाम. ओरडते. मधेच म्हणाली, "तुम्हाला जमत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं." रोज संध्याकाळी मामांचा फोन. त्यांच्याशी बोलताना आवाज लहान मुलीसारखा होतो. तेवढा वेळ पाय विसरते.
सांगायचं तर आजच सांगावं असं रोज वाटतं. फोन आला की नको वाटतं.

१४ एप्रिल
लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मोबाइलवर सगळ्यांनी तोच फोटो पाठवलाय. आपल्याकडे टँकर तिसऱ्या दिवशी, तोही अर्धा.
शा. आज पहिल्यांदा वॉकर घेऊन दारापर्यंत. मग यंत्राकडे गेली, कापडावरची धूळ झटकली, परत आली.

१७ एप्रिल, रविवार
मामा आले. फळं नाहीत, पेढे नाहीत, पिण्याच्या पाण्याचे दोन जार घेऊन आले. हल्ली हाच आहेर. शा.च्या डोळ्यांत पाणी. "बाळा, कसं हाय?" तासभर दोघंच बोलत बसली.
निघताना अंगणात गाडीपाशी थांबले. वाकले. हात बरोबर तड्याच्या जागी गेला. न शोधता. माझ्या मनात काही किंतु होता तो तिथं संपला.
"वेल्डिंग लई मजबूत केली की, गुरुजी."
सवयीनं मोठ्यानं बोलले. दुकानदाराचा गळा. आतून खाटेवरून शा., "कसली वेल्डिंग, मामा?"
मामांनी माझ्याकडे बघितलं. इतके म्हातारे मला ते कधी दिसले नव्हते. मी काहीच बोललो नाही. मुद्दाम. बोलू दे त्यांना, म्हटलं.
"गुरुजी सांगतील," म्हणाले, आणि बाहेर उभ्या जीपमध्ये जाऊन बसले. शा.चा निरोप घ्यायला परत आत गेले नाहीत.
जेवून मी लगेच वह्या तपासायला बसलो.

१८ एप्रिल. शाळेत
सकाळी मी चहा दिला तेव्हा विचारलं तिनं. "मामा काल काय म्हणत होते? आत का नाही आले परत?"
"शाळेतून आल्यावर सांगतो."
"काय सांगायचंय ते आत्ता सांगा."
"आल्यावर."
वॉकर धरून दारात उभी राहिली, मी फाटकाबाहेर जाईपर्यंत.
दुपारी दोनदा तिचा फोन. उचलला नाही. आज मामांना फोन करायचा नाही असं तिला सांगायला हवं होतं, पण ते कशाच्या जोरावर सांगायचं. शाळा सुटली. वर्ग रिकामा, घरी जाऊन काय सांगायचं ते ठरत नाही. शिपाई दोनदा येऊन गेला, कुलूप लावायचंय म्हणतो.