पाववालं लग्न

पप्पा, आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण रविवारी चर्चला यायचं सोडत नाही. कालही आली होती. खिडकीजवळच्या तुमच्या बाकावर आता दुसरंच एक जोडपं बसतं, तरी गीत सुरू झालं की आई मान वळवून तिकडं बघते. तुम्ही गायचात तेव्हा सगळी मंडळी पुढच्या ओळीवर असायची आणि तुम्ही मागच्या. तोफखान्यातल्या नोकरीनं डावा कान नेला होता. पेटी कुठवर पोचली ते तुम्हाला कळायचं नाही, आणि आवाज मात्र कवायतीच्या मैदानावरचा. आई कोपरानं ढोसायची, "जरा हळू म्हणा." तुम्ही म्हणायचात, "देवाला ऐकू येतंय ना? मग बस्स."

लहानपणी तुम्ही आम्हाला वर्षातून एकदा, रजेवर भेटणारे पाहुणे होतात. पेन्शनीत आलात आणि वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली, तेव्हा कुठं आम्हाला बाप मिळाला. राहिलेली सगळी वर्षं एकदम वसूल करायची असल्यासारखे तुम्ही घरात वावरायचात. शिफ्टच्या बसमधून उतरलात की पिशवीत काहीतरी असायचंच. पेरू, भुईमुगाच्या शेंगा, नाहीतर माझ्यासाठी रिबिनी. लढाईचं मात्र कधी काही सांगितलं नाहीत. आम्ही मागं लागलो की म्हणायचात, "तिथं लई थंडी होती," आणि विषय संपायचा.

पण आज लिहायला बसले ते माझ्या लग्नाच्या दिवसाबद्दल. त्या साली पाऊस झालाच नव्हता. धरण तळाला गेलेलं, चर्चच्या आवारातली बोअर आटलेली. लग्न पुढं ढकला असं सगळे म्हणत होते. तुम्ही कारखान्यात येणाऱ्या एका टँकरवाल्याला गाठून स्वयंपाकापुरत्या पाण्याची सोय केलीत. सकाळी टँकर आवारात शिरला. मी शेजारच्या खोलीत गुलमंडीहून आणलेली पांढरी साडी नेसत होते, मावशी निऱ्या घालत होती, आणि बाहेर गलका सुरू झाला.

खिडकीतून बघते तर फाटकापाशी बायकाच बायका. मागच्या माळावर तेव्हा नवी वस्ती झाली होती. गावाकडं पाणी नाही, काम नाही, म्हणून आलेली माणसं. शहरात उठणाऱ्या इमारतींवर विटा वाहायची. महापालिकेचा टँकर त्यांच्याकडं किती दिवस फिरकला नव्हता. हंडे, कळशा, तेलाचे डबे, जे हाताला लागलं ते घेऊन त्या उभ्या होत्या. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं फाटकाला कुलूप घातलं आणि तुम्हाला हाक मारली, "हवालदार, हाकला यांना. तुमचं ऐकतील."

तुम्ही गेलात. नवा कोट, छातीवर पदकं. बायका दोन पावलं मागं सरल्या. तुम्ही कुलूप काढायला लावलंत आणि म्हणालात, "लाईन लावा. लेकुरवाळ्या पुढं. ढकलाढकली केली तर पाणी बंद."

आचारी धावत आला. "साहेब, भात कशात शिजवू?"

"दोन पिंपं काढून ठीव. भात नको. मटण सुकं कर."

"अन् खायचं कशासंगं?"

तुम्ही धाकट्या काकांना छावणीतल्या बेकऱ्यांकडं पिटाळलंत. मिळतील तेवढे पाव आणायला.

तेवढ्यात आई आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. "आज तुमच्या पोरीचं लग्न हाय, ध्यानात हाय ना? पोराकडची माणसं काय म्हणतील?"

"म्हणू दे. जेवण उद्याबी करता येतं. त्या लेकरांना पाणी आज पाहिजे." आणि पाईप धरून तुम्ही स्वतः उभे राहिलात.

आईचं खोटं नव्हतं. माझ्या नवऱ्याचे मामा पाव बघून जे उठले ते न जेवताच गेले. लग्नात भात नाही म्हणजे आमचा अपमान, असं बसस्टँडपर्यंत बोलत गेले म्हणे. लग्न तर व्हायचंच होतं अजून! उपदेशात पाळकसाहेब हसून म्हणाले, "येशू गेला होता त्या काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला होता, आपल्या लग्नात पाणी संपलंय," तेव्हा कुठं लोक सैलावले. माझे सासरे सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांनी चार पाव खाल्ले आणि रस्सा नसल्यानं कपड्यांवर डाग पडले नाहीत म्हणून आचाऱ्याला शाबासकी दिली.

त्याआधी तुम्ही मला वेदीपाशी घेऊन निघालात, ते चालणं मी विसरत नाही. तुमची बाही कोपरापर्यंत ओली. मी तुमच्या डाव्या हाताला. मी हळूच म्हटलं, "पप्पा, मी चालले." तुम्ही समोर बघत, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "पुरलं, पुरलं! पाणी सगळ्यांना पुरलं." रडायला आलेली मी हसत हसत वेदीपर्यंत गेले.

आज त्या माळावर तीन-तीन मजली घरं आहेत. मामेसासरे पुढं 'पाववालं लग्न' रंगवून सांगायला लागले, आणि त्यांच्या गोष्टीत फाटक त्यांनीच उघडलेलं असतं. आई ते ऐकून घेते. तुमच्यावर मात्र ती त्या भातावरून शेवटपर्यंत खेकसत राहिली, आणि तुम्ही कान नसलेली बाजू तिच्याकडं करून मजेत चहा पीत राहिलात.

हे कुठं पाठवायचं नाही, मला कळतं. लिहून झालं की घडी घालून उशीखाली सरकवीन. एकच गोष्ट कुणाला कधी सांगितलेली नाही. पाळकसाहेबांनी आम्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तेव्हा मी त्यांची प्रार्थना ऐकतच नव्हते. डोळे मिटून मी आपली वेगळंच मागणं मागत होते: देवा, हा माणूस थोडासा तरी माझ्या बापासारखा निघू दे. निघालाय, पप्पा. गातोसुद्धा तसाच, आणि त्याचे तर दोन्ही कान चांगले आहेत.