सर्व्हर बंद पडल्यास संगणक थांबवून ठेवणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
पूर्णातीर संगणकशास्त्र महाविद्यालय, जालना

विषय : विद्यार्थ्यांच्या होम डिरेक्टरी पूर्ववत हार्ड माउंट करणेबाबत व माझी शनिवारची तोंडी परीक्षा पुढे ढकलणेबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज. तो प्रयोगशाळेत टाइप केला होता, अर्धाच उरला. सबब हा हाताने लिहिला आहे.

महोदय,

१. सविनय सादर करते की, प्रयोगशाळेतील संगणकांत आमचे स्वतःचे काहीच राहत नाही. प्रत्येकाच्या फाइलींचा कप्पा, म्हणजे होम डिरेक्टरी, कार्यालयाशेजारच्या सर्व्हरवर असतो आणि तेथून संगणकाला जोडला, म्हणजे माउंट केला, जातो. प्रयोगशाळेस जनरेटर आहे. सर्व्हरचा इन्व्हर्टर मात्र आपल्या दालनातील पंख्यासाठी नेण्यात आला, त्यामुळे भारनियमनात सर्व्हर बंद पडतो.

२. पूर्वी जोडणी 'हार्ड' होती. सर्व्हर गेला की पडदा जागीच थांबे. आम्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसत असू. वीज आली की काम तिथूनच पुढे चाले, एक अक्षर जात नसे. तपासणी समितीने आम्हाला तसे बसलेले पाहिले आणि आपणास कमीपणा वाटला. आपल्या तोंडी आदेशाने प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या भुजंग सरांनी जोडणी 'सॉफ्ट' केली. आता संगणक थांबत नाही. थोडी वाट पाहतो, नाद सोडतो आणि फाइल अर्धी लिहून मोकळा होतो.

३. शनिवारची तोंडी परीक्षा ज्यावर आहे, तो माझा एस.टी. वेळापत्रकाचा प्रकल्प बुधवारी सेव्ह करताना असाच गेला. जुना पुसला गेला, नवा भोकरदनपर्यंतच उरला. दुसरी प्रत का नाही, असे कार्यालयाने विचारले. साहेब, फ्लॉपी आणण्यास बंदीची सूचना आपल्याच सहीची आहे! वर 'संगणक आता अडकत नाहीत, तक्रार कसली?' असेही ऐकवले. मला रडूही आले आणि संतापही आला.

४. माझे वडील एमआयडीसीत रोजंदारीवर आहेत. 'पास झालीस तर पुढं शिक, न्हाई तर मंग बोलायचं न्हाई,' असे त्यांनी बजावले आहे. सोमवारी टेंभुर्णीत माझी सुपारी फोडण्याचे ठरले आहे. परीक्षा पुढे गेल्याचे आपल्या सहीचे पत्र दाखवले, तरच ते थांबतील. माझ्या तोंडी सांगण्यावर त्यांचा आता विश्वास नाही.

५. तरी कृपया शनिवारपूर्वी निर्णय द्यावा. सोमवारनंतर मंजुरी आली, तर ती घ्यायला मला जालन्याला कोणी पाठवणार नाही.

आपली,
सोमवारपर्यंत तरी विद्यार्थिनी,
कु. बेबीनंदा कडूबा खरात
तृतीय वर्ष
दि. १७ मार्च २००५

सोबत : उरलेल्या प्रकल्पाची छापील प्रत. शेवटची ओळ मध्येच तुटली आहे, ती तशीच वाचावी.