फडक्याआडची बोली

माय, आज तुझ्याशी भांडायचं आहे, म्हणून कागद घेतला. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण मोठ्यानं भांडले तर सासूबाई ऐकतील.

कापसातली सरकी काढायच्या जिनिंगातल्या तुम्ही बायकांनी ती बोली काढली ती गरजेपोटी. रुईची भुकटी छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर फडकं आणि कानाशी मशीनचा धडधडाट. फडक्याआडून प, ब, म सारखेच फुसफुसायचे, म्हणून तुम्ही ते काढूनच टाकले. स आणि श मशीन गिळायचं, तेही बाद. उरले ट, ड, क, ग, र आणि त्यांना जोडून लांबवलेले आ, ओ, ऊ. सूर चढवला की प्रश्न, उतरवला की उत्तर. एवढ्याशा सामानात तुम्ही सगळा संसार बोलायच्या. मुकादमाला तुम्ही 'गाडूऽर' म्हणायच्या. त्याला वाटायचं ते मशीनच्या पट्ट्याचं नाव आहे, त्यामुळे ऐकू आलं की बिचारा पट्टा तपासायला धावायचा. मला शिकव म्हटलं की तू डोळे वटारायचीस. "तुले कायले पायजे? तुले का जिनिंगात जायाचं हाय?"

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी जिनिंग संक्रांतीआधीच बंद पडलं आणि तुझ्या रिकाम्या हातांना माझं लग्न सापडलं. राजूरहून पाहुणे आले. बाभुळगावच्या आपल्या पुढच्या खोलीत मी मान खाली घालून बसले आहे, पोह्यांच्या बशा फिरताहेत आणि तू शेजारच्या मावशीला, तुझ्या जिनिंगातल्या जोडीदारणीला, बोलीत काहीतरी सांगतेस. मशीनमुळे तुझा कान गेलेला, त्यामुळे तुझी कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत जायची. मावशी पदरात तोंड घालून हसते. तेवढ्यात मुलाची आई बशी खाली ठेवते आणि त्याच बोलीत, त्याच सुरात उत्तर देते. तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तुमच्यातलीच एक बाई लग्न होऊन राजूरजवळ वणीकडे गेली आणि मुलाची आई कामाला होती त्याच जिनिंगात बोली पेरून बसली, हे तुला काय माहीत! मग दोघी अशा सुरू झालात, की बाबा भांडण सोडवायला उठले. शेवटी तू माझ्याकडे बघून 'टोऽ' म्हणालीस, त्या 'गोऽ' म्हणाल्या आणि लग्न ठरलं. पुरुषांना ते चहानंतर कळलं.

तू मुलाच्या नाकाला हातपंपाची तोटी म्हणाली होतीस, आणि त्यांनी "बापाचं हाय, म्या बी तेच पाहून राह्यली," असं उत्तर दिलं होतं, हे सासूबाईंनी लग्नानंतर सांगितलं. पण टो आणि गो म्हणजे काय, ते सांगेनात. "तुह्या मायले इचार." तुला विचारलं की तू म्हणायचीस, "त्या बाईले इचार." माझ्याबद्दल काय बोललात हे मलाच कळू नये, याचा मला फार राग यायचा.

मग यवतमाळचा दवाखाना. तू डोळे मिटून पडलेली, माझा हात धरलेला, आणि म्हणालीस, 'टोऽ'. मी पाणी पाजलं. तू पुन्हा म्हणालीस. मी उशी सरळ केली. हात तू शेवटपर्यंत घट्टच धरला होतास. त्यानंतर अर्थ विचारायचा मला धीर झाला नाही, आणि बोलायला कुणी उरलं नाही म्हणून सासूबाईंनीही ती बोली सोडली.

मागच्या आठवड्यात पाण्यानं भरलेला गंज माझ्या हातात देताना त्यांच्या तोंडून अचानक 'टोऽ' निघालं. मी गंज धरला, पण त्या सोडेनात. मी ओढते, त्या ओढतात, पाणी दोघींच्या पायांवर. "गो म्हन ना व बाई! त्याबिगर कशी सोडू?" मशीनपाशी कापसाचं टोपलं हातोहात देताना म्हणे हाच नियम होता. देणारी म्हणणार, मी सोडते. घेणारी म्हणणार, माझ्या हातात आलं. गो ऐकू येईपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर कुणाचा तरी हात मशीनमध्ये जायचा.

मी गो म्हटलं, गंज चुलीवर ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन खूप रडले. असं एवढंसं सांगून ठेवायला तुला काय झालं होतं, माय?

सासूबाईंना गो म्हटलं, पण तुला अजून म्हटलेलं नाही. आता अर्थ कळलाय, तरीही नाही. म्हटलं की तू सोडशील.