बेस म्हणू नका

पुणे, २ मार्च

बाबा, नमस्कार. आधी घडलं ते लिहिते.

१. भाजी पिकवणाऱ्यांसाठी मी केलेलं अ‍ॅप तुम्ही व्हिडिओ कॉलवर वापरलंत. ती माझी चाचणी होती, सगळा वर्ग बघत होता.
२. मेथीचा भाव टाकताना तुम्ही अडलात. मला बोलायला मनाई होती.
३. "काहून थांबले? हे दाबा ना," म्हणत आईनं बटन दाबलं. तुम्ही म्हणालात, "बेस हाये, पोरी."
४. तुम्हाला मदत झाली म्हणून मॅडमनी चाचणी रद्द केली.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. पण माणूस कुठे अडतो ते शोधणं, हेच तर इथे शिकायचं आहे. ही चाचणी झाली नाही तर मला नोकरीच्या मुलाखतींना बसू देणार नाहीत. मला दुसरा मार्ग सुचत नाही, बाबा.

मॅडम म्हणाल्या, कुठे अडलात ते तुम्ही स्वतः लिहून पाठवलंत तरी चालेल. इंझोरीच्या आपल्या मळ्यात एकटेच बसून अ‍ॅप पुन्हा वापरा. वैताग आला तर तोही लिहा. फोनवर तुम्ही सगळं बेस, चांगलंच सांगता, म्हणून हे पत्र.

आईचा गुडघा कसा आहे? तिला रागावू नका.

चौदा तारखेच्या आत तुमचं उत्तर मला मिळू द्या.

तुमची,
समीक्षा