हरकतीची मुदत

शनिवार, ता. ९
दुपारी, शेडमध्ये

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझीही तब्येत बरी असेल असं धरून चालतो. तुझ्या लेकीला विचारलं की ती "आई मस्त आहे" एवढंच म्हणते. त्या 'मस्त'मध्ये तुझे गुडघे धरलेले नाहीत, हे कळण्याइतका मी अजून शहाणा आहे.

तिनं मंगळवारी अकरा मिनिटांत एक पुरावा तयार केला (कसला, ते पुढे सांगतो). वरच्या मजल्यावर पोरं "अकरा मिनिटं! अकरा मिनिटं!" म्हणून नाचत होती, म्हणून त्याची खरी किंमत मी आपली मनात मांडली. अकरा मिनिटं खरीच. पण त्यांच्यामागे चौदा महिने, दोन जळलेले पंखे, कंटाळून सोडून गेलेला एक भागीदार, तुझ्या लेकीच्या चष्म्याचा वाढलेला नंबर आणि माझ्या जिन्याची एक पायरी. यंत्राची पेटी वर चढवताना तिचा टवका उडाला. पायरी मी तशीच ठेवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो, की ब्लॉकचेन म्हणतात ती इथून वर गेली.

ती माझ्याकडे वरच्या मजल्यावर काम करते, हे तुला ठाऊक आहे. तुला न सांगता आली नसणार. तू तिला "नको जाऊस" म्हणाली नाहीस. त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते मी विचारलं नाही. आपल्या घरात कोणी गप्प बसलं की त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावत आलो आहे, त्यामुळे ह्या वेळी लावलाच नाही.

ती नक्की काय करते, हे तुला तिनं सांगितलं असेल आणि तू मान डोलावली असशील. मीही पहिले सहा महिने नुसती मान डोलावत होतो. आता कळतं, म्हणून सांगतो. दूरच्या गावी राबणारी माणसं घरी चार पैसे पाठवतात. त्याची नोंद एका वहीत होते, तीच ती ब्लॉकचेन. ती वही हजारो ठिकाणी एकाच वेळी लिहिली जाते, त्यामुळे कोणालाच तिच्यात खाडाखोड करता येत नाही. पण सगळे एकाच वहीपाशी आले, की रांग लागते, आणि रांग लागली की माणूस वैतागतो. तर ही पोरं काय करतात, की हजार नोंदींचा एक गठ्ठा बाजूला बांधतात आणि मोठ्या वहीत फक्त गठ्ठ्याची एक ओळ जाते. आणि गठ्ठ्यात काही खोटं नाही, ह्याचा पुरावा सोबत जोडतात. गंमत अशी, की पुरावा तपासणाऱ्यानं गठ्ठा सोडून बघायचाच नाही.

मी म्हटलं, "न उघडता कसं कळणार गं?"

"कळतं, मामा. गणित आहे त्यामागे."

मग मला आई आठवली. डबा न उघडता, नुसता कानाशी हलवून, कोणी किती खाऊ लांबवला ते ती सांगायची. तुझी लेक इतकी हसली, की तो लांबड्या (हा तिच्या शेजारी बसतो, दाराला डोकं लागतं त्याचं) काम सोडून बघायला आला. आता त्यांच्या कामाच्या यादीत त्या भागाचं नाव 'आजीचा डबा' असं आहे. आईचं नाव कुठे जाऊन लागलं बघ.

तू म्हणशील, ह्या म्हाताऱ्याचं तिथे काय काम? काम आहे. पुरावा करणारी यंत्रं तापतात. त्यांना गार ठेवायला आठ पंखे आहेत आणि ते पंखे माझे. त्यांच्या मोटारींच्या तारा मी भरल्या आहेत, हातानं. पंख्यांच्या कंपनीचा माणूस म्हणाला होता, की नवे घ्या. मी म्हटलं, तुमचे नवे माझ्या जुन्यांच्या आवाजाला तरी पुरतील का ते आधी बघा. गेल्या महिन्यात जिन्यावरूनच ओरडून सांगितलं, की तिसऱ्याचं बेअरिंग चाललंय. पोरं म्हणाली, आमचा मीटर तर ठीक दाखवतोय. चौथ्या दिवशी बेअरिंग गेलं. तेव्हापासून लांबड्या मला बघून कानाला हात लावतो. ताई, हे कान अजून पैजेवर चालतात. तू मला 'खुट्ट' म्हणायचीस ना, कुठे खुट्ट झालं की मी अंथरुणात उठून बसायचो म्हणून? तो खुट्ट अजून तसाच आहे.

दुपारी जेवण झालं की मी वर जाऊन खिडकीपाशी स्टुलावर बसतो. ऊन पंख्यांच्या पात्यांतून कापून जमिनीवर पडतं, आणि आठही पंखे एका सुरात लागले की ती खोली जागची हलल्यासारखी वाटते. म्हणजे शेड, जिना, रस्त्यावरचा तो हिरवा नळ, सगळं सावकाश कुठेतरी चाललंय आणि आपण नुसते बसून आहोत. पोरं पडद्याकडे बघत असतात. तुझी लेक येते आणि नेहमी माझ्या उजव्या हाताला बसते. का, ते मी विचारत नाही.

आणि मग त्या आवाजात मला आकडे ऐकू येतात. एकशे बारा. एकशे तेरा. एकशे चौदा. डाव्या बाजूनं, अगदी हळू. तारेचे फेरे मोजताना तू मोजायचीस तसे. मान वळवली तर भिंत असते आणि भिंतीवर ऊन.

बरं, मी सांगत काय होतो? मंगळवारचं. तर पुरावा झाला, आणि त्यामुळे सोमवारपासून त्यांची एक जुनी पद्धत बंद होते आहे. तुझी लेक पेढीवरच्या माणसासारखी समजावून सांगत होती.

"आधी आम्ही पुरावा जोडत नव्हतो, मामा. त्याला फार वेळ लागायचा. गठ्ठा खरा आहे असं धरायचं आणि सात दिवस थांबायचं. कोणाला तो खोटा वाटला तर त्यानं सात दिवसांत हरकत घ्यायची. कोणी घेतली नाही, की पक्का."

"आणि कोणी लक्षच दिलं नाही तर?"

"हजार झोपले तरी चालतात. एक माणूस पुरतो. तो जागा पाहिजे, त्याला कळलं पाहिजे, आणि कळल्यावर त्यानं गप्प बसता कामा नये. बस्स, एवढंच."

"एवढंच?" मी म्हटलं. "अगं, मग उरलं काय?"

ती हसली. मग तिला वाटलं असावं की मला नीट समजलं नाही. तिनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. आता हे तिचं खरं काम. जे लोक हे सगळं लिहितात त्यांच्यासाठी ती अवजारं करते. म्हणजे सुतारकाम नाही, सुताराचा रंधा. त्या लॅपटॉपमध्ये सबंध वहीची एक नक्कल असते, आज आत्ता आहे तशी. तिच्यात वाटेल तो घोळ घालून बघायचा, खऱ्या वहीला धक्का लागत नाही. तिनं एक ओळ लिहिली, कळ दाबली आणि म्हणाली, "गेले सात दिवस."

माझ्या हातातला चहा होता तेवढाच गरम होता.

"आता मागे जायचं का?"

"जाता येतं?"

"खूण करून ठेवली की तिथपर्यंत येतं. किती मागे जाऊ?"

मी म्हटलं, "एकोणतीस वर्षं."

"मामा! तेव्हा वहीच नव्हती. मीसुद्धा नव्हते."

तू होतीस, मी मनात म्हटलं. तोंडानं एवढंच विचारलं, की नकलेत मागे जाऊन एखादी गोष्ट सुधारली, तर खऱ्या वहीत काय होतं?

"काही नाही. खरं तसंच राहतं. इथे चुकून बघायचं, म्हणजे तिथे चुकत नाही." मग म्हणाली, "मामा, आजोबांनीपण अशीच मुदत ठेवली होती ना? आई एकदा म्हणाली होती. मग आईनं हरकत का नाही घेतली?"

ताई, पंखे चालू होते. मी हात कानामागे नेला आणि "काय?" म्हणालो. तिनं पुन्हा नाही विचारलं. लॅपटॉप उचलला आणि गेली. आणि माझा हात तिथेच राहिला, हवेत. ह्याच हातानं, ह्याच खोलीखाली, हेच मी पूर्वी एकदा केलं होतं.

हे पत्र त्यासाठी आहे. वरचं सगळं तुला माहीत असलेलंच आहे किंवा नसलं तरी चालणारं.

बाबांनी तो कागद शेडमधल्या खिळ्याला अडकवला होता. शेड आणि जागा मुलाच्या नावे. "आठ दिवस राहील तिथे. कोणाला काही म्हणायचं असेल त्यानं म्हणावं," असं म्हणून ते जे अंथरुणावर पडले ते उठलेच नाहीत. काही म्हणायचं असलं तर ऐकायला शेडमध्ये मी एकटाच होतो. आठव्या दिवशी दुपारी तू दारात आलीस. तुला सातवा महिना होता, म्हणजे तुझी लेकही होतीच म्हण त्या दारात. मी टेबलावर एक मोटार चालवून बघत होतो. तूच भरलेली. तू म्हणालीस, "मला अर्धं हवंय. तारा मी भरते, नुसती मदत करत नाही. तू बाबांना सांग."

मी हात कानामागे नेला. "काय?"

तू पुन्हा म्हणालीस. शब्दन्‌शब्द तेच, फक्त जरा मोठ्यानं. मी मोटारीकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि पाना उचलला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कोणी काही म्हणालं?"

"कोणी काही नाही," मी म्हणालो. आणि खिळ्यावरून कागद काढला.

भावजींची बदली झाली तेव्हा निघताना तू उंबऱ्यावर थांबून म्हणालीस, "त्या दिवशी मोटारीच्या आवाजात तुला ऐकू आलं नसेल." मी "कधी? कोणत्या दिवशी?" म्हणालो. तू एक वाट काढून दिलीस आणि मी तिच्यातून निघून गेलो, मागे वळूनही न बघता. ज्या घरात मला 'खुट्ट' म्हणत, तिथे ती मोटार माझ्या आड आली, ह्यावर तुझा विश्वास बसला असेल असं मला एक दिवसही वाटलेलं नाही.

मला ऐकू आलं होतं. पहिल्याच वेळी. दारात तुझ्या चपलांचा आवाज झाला तेव्हाच मला कळलं होतं, की तू काय म्हणणार आहेस.

लोक म्हणतात, ह्यानं शून्यातून उभं केलं. मीही तसंच म्हणतो, चारचौघांत, पोट पुढे करून. तू गेलीस तेव्हा शेल्फावर बत्तीस मोटारी होत्या, तुझ्या हातच्या. त्यांतली एकही परत आली नाही. माझं नाव झालं ते त्यांच्यावर. पहिली दोन वर्षं मी भरलेल्या निम्म्या जळायच्या. तुझ्या जुन्या मोटारी सोडवून, फेरे मोजून, मी शिकलो. आणि तुझी लेक सांगते, की तू त्यानंतर तारेला हात लावला नाहीस.

नकलेत मी पुष्कळदा मागे गेलो आहे, ताई. त्या यंत्राच्या आधीपासून. दुपारी स्टुलावर डोळा लागला की जातो. दर वेळी मी मोटार बंद करतो. पातं थांबतं, शेडमध्ये इतकं शांत होतं की वार्निश वाळताना ऐकू यावं, आणि तू म्हणतेस. मी म्हणतो, "अर्धं का, बस आधी, पाणी पी." मग कोणीतरी खुर्ची सरकवतं आणि मी जागा होतो. खरं तसंच असतं.

बुधवारी वकिलाकडे जाऊन आलो. शेड, वरचा मजला, जागा, निम्मं तुझ्या नावे. कागद त्याच खिळ्याला लावला आहे. खिळा मी कधी काढला नव्हता, का ते तू ओळख. ह्या कागदावर मुदत लिहिलेली नाही. खाली बरीच जागा कोरी ठेवली आहे. तिथे तू माझ्याबद्दल काय वाटेल ते लिही. सही केली नाहीस तरी लिही. लेकीला मी काही सांगितलेलं नाही. तिला तू सांग, किंवा दोघी मिळून मला समोर बसवा.

सोमवारी दुपारी ते जुनी पद्धत बंद करणार. सगळ्यांना चहा आहे. तुझी लेक म्हणते, आता हरकत घ्यायला कोणी जागं राहायची गरज नाही, खोटं आत जाणारच नाही. त्यांच्याकडे तसं झालं, चांगलंच झालं. माझ्याकडे अजून जुनीच पद्धत आहे आणि जागा राहायला मी एकटाच होतो.

ये. एवढंच म्हणायचं होतं. त्याला एवढे कागद लागले.

तू दोनदा बोललीस आणि ज्यानं दोन्ही वेळा ऐकलं,
तो तुझा
खुट्ट

ता. क. फोन करू नकोस, खरंच ये. आणि आलीस की माझ्या उजव्या बाजूला बस. त्या तिसऱ्या पंख्याचं बेअरिंग मी जिन्याच्या कठड्याला हात लावून ओळखलं होतं. डाव्या कानानं मला दोन वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही.