साध्या मच्छरदाण्यांचं गाव

४ जून
काल सकाळी ताईच्या गावात घरोघर मच्छरदाण्या बांधल्या. आमच्या हिवतापाच्या अभ्यासात निम्म्या गावांना औषध लावलेल्या, निम्म्यांना साध्या; बांधायला प्रत्येक गावात मी असतोच. वर्षभर तापाचे रुग्ण मोजायचे. कुठे कुठल्या, हे कुणालाच कळू द्यायचं नाही — आम्हालाही नाही. सगळ्यांनी ऐकून होकार दिला, ताईनेही.

"मला मासळीसारखी जाळ्यात कोंडतोस होय रे?" ताई हसली. मग सुनेच्या पोटाकडे बघून हळूच म्हणाली, "आमची औषधाचीच आहे ना?"

"ते कुणालाच माहीत नसतं, ताई."

म्हणालो तेव्हा ते खरं होतं. पण औषधाच्या मच्छरदाण्या हाताळल्या की संध्याकाळी तोंड धुताना माझे गाल चुणचुणतात. काल तोंड धुतलं — काहीच नाही.

१९ जून
अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमना गालांचं सांगायला गेलो. "काय हो, काही काम?" "नाही, सहज आलो होतो." परत फिरलो.

२ जुलै
प्रार्थनेला बसलो. सुनेसाठी काही मागायची लाज वाटली. त्या गल्लीत पोटुशी ती एकटीच आहे का? देवाकडे कुणाकुणासाठी वशिला लावू?

११ जुलै
सुनेला ताप. रक्तात हिवताप निघाला. गोळ्या सुरू केल्या आहेत, बाळ हलतंय. "तुझ्या मच्छरदाणीत डास शिरतात कसे रे?" ताईने विचारलं. "नीट खोचली नसेल," मी म्हणालो. आजारी पोरीवर ढकललं.

१३ जुलै
आमच्या खोलीतली मच्छरदाणी आरोग्य केंद्राने दिलेली, औषधाची. मी सोडायला घेतली. हिने कुणासाठी ते विचारलं नाही. "अहो, ओढू नका, गाठी सोडवा," एवढंच म्हणाली.

सुनेच्या खाटेवर बांधत होतो, तर शेजारीण दारात. तिलाही सातवा महिना. "मामा, यांची बदलली? मग आमची कधी?"

बघतो म्हणालो. काय बघणार होतो?

१५ जुलै
आज मॅडमना सांगितलं. गालांचं, खोटं बोललो त्याचं, बदललेल्या मच्छरदाणीचं.

त्यांनी गावांची यादी पुढे ओढली. "पहिल्याच दिवशी बोलायचं होतंत. तुम्हाला दुसरं काम दिलं असतं, अभ्यास वाचला असता." मग म्हणाल्या, "आता ते गाव वगळावं लागेल. तिथे सगळ्यांना औषधाच्या देऊन टाकू. तेवढं एकच गाव ओळखलंत ना?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही मॅडम. सगळी."