सिकंदराचं ग्रीक शिरस्त्राण, व्हाया पितळी गुंड

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी शुद्ध मराठीत. राजाला शोभलं पाहिजे. आमच्या नाटक कंपनीचे मालक रामाजीभाऊ यांनी मला सिकंदराचा रोल दिला! आजवर हवालदार, भालदार आणि एकदा प्रेत. आता हिरो. पहिला प्रयोग कुरखेड्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत. सासरे सिंदेवाहीहून खास येणार. दर वेळी ते मंजुषाला विचारतात, जावईबापू नेमकं करतात काय? बघा म्हणावं आता.

६ नोव्हेंबर
कंपनीचा मुकुट पाहिला. पुठ्ठ्याचा. हाच रावणाला, हाच अकबराला. छे! मोबाइलवर ग्रीक शिरस्त्राणांचा सखोल अभ्यास केला. कोरिंथ शहराचं मॉडेल फायनल. एकाच पत्र्यातून ठोकलेलं, कान, गाल, नाक सगळं झाकणारं, समोर फक्त डोळ्यांच्या खाचा. काय दरारा! सिकंदराच्या काळापर्यंत हे मॉडेल मागे पडलं होतं म्हणे. का, ते वाचण्याआधी नेट संपलं.
डायलॉग उद्यापासून पाठ करणार.

८ नोव्हेंबर
पितळेचा पत्रा परवडत नाही. मंजुषाला तिच्या बाबांनी लग्नात दिलेला पाण्याचा पितळी गुंड मात्र नुसता पडून आहे. घरात फिल्टर आल्यापासून त्याला कामच नाही.

९ नोव्हेंबर
गुंड कापला. वर अंबाडीच्या वाखाचा लाल तुरा. आरशात स्वतःलाच ओळखलं नाही.
मंजुषानं गुंड शोधला. कल्हईला दिला, म्हटलं.

१४ नोव्हेंबर
तालीम. एन्ट्रीला सन्नाटा. वाटलं, प्रभाव पडला. मग कळलं, प्रॉम्प्टर लटारूभाऊ विंगेतून माझी वाक्यं सांगून राह्यले होते आणि मले आत नुसतं घूं. (शुद्ध: सांगत होते, मला.)
रामाजीभाऊ म्हणाले, पाठ कर. मी नकार दिला. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर सांगतो, नट बोलतो. पाठ करणं म्हणजे लटारूभाऊंच्या पोटावर पाय. शेवटी माणसाला तत्त्व पाहिजे.

१५ नोव्हेंबर
नेटचं रिचार्ज मारलं. ग्रीकांनाही धड ऐकू येत नव्हतं! म्हणून पुढच्या मॉडेलात त्यांनी कानापाशी जागा कापली. त्यांना पिढ्या लागल्या, मला एक दुपार. दोन्ही कान मोकळे. कडा घासायचा कंटाळा केला. ग्रीकांनी तरी घासल्या असतील काय?

१६ नोव्हेंबर
घासल्या असाव्यात. तालमीत दोन्ही कान फाटले. टाके, वर कापूस, वर पट्टी. मंजुषा दवाखान्यात धावत आली. तिथे डॉक्टरच्या टेबलावर तिला तिचा गुंड भेटला. ती काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

२१ नोव्हेंबर, सकाळ
आज प्रयोग. कानात कापूस असला तरी हरकत नाही. लटारूभाऊंना जोरात सांगा म्हटलं आहे. पाठांतराचा प्रश्नच मिटला.

२२ नोव्हेंबर
लिहू की नको.
लटारूभाऊ इतक्या जोरात ओरडले की सिकंदराचं वाक्य अख्ख्या मंडपाला ऐकू गेलं, मला सोडून. पोरस झालेला प्रफुल साखळदंडात उभा. मी त्याला विचारायचं, तुला कसं वागवू? तो उभा, मी उभा. समोर बसलेल्या बाया मला वाक्य सांगू लागल्या. त्यांची फक्त तोंडं हलताना दिसली. शेवटी जुनी सवय बाहेर पडली. पोरसाला सॅल्यूट ठोकला आणि म्हटलं, "साहेब, गाडी तयार आहे."
लोक लोळले. वन्स मोअर आला असावा, कारण प्रफुल पुन्हा पहिल्या जागी जाऊन उभा राहिला. रामाजीभाऊंनी घाईघाईनं पडदा पाडला. मले लय रडू आलं. आतल्या आत रडलो, पितळेत.

२३ नोव्हेंबर
कापूस निघाला. सगळं स्पष्ट ऐकू येतं, दुर्दैवानं.
मुक्कामी असलेले सासरे चहा पिता पिता म्हणाले, नाटक झकास होतं, त्या तोंड झाकलेल्या येड्यानं तर पोट दुखवलं. मग माझ्याकडे वळले. "पण जावईबापू, तुमी कुठी दिसलेच नाई?"
मी तोंड उघडलं. त्याआधी मंजुषा बोलली, "बाबा, हे मागं पडदा वढून राह्यले होते."
गुंडाचं लपवलं की माझं, हे तिला विचारायची हिंमत झाली नाही.
सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणाले, पडदा मात्र अगदी टायमावर पडला.